इनटेकमध्ये जाताना खिसे रिकामे

पश्चिम सीमेजवळच्या एका फायटर स्क्वाड्रनला माझी पोस्टिंग झाली तेव्हा मी सार्जंट होतो. ट्रेड इंजिन फिटर, गाव जामनेर तालुक्यातलं. ऐंशीचं दशक निम्म्यावर आलं होतं. भुसावळला गाडीत बसलो, वाटेत दोन गाड्या बदलल्या आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ०७३० ला गार्डरूमवर रिपोर्ट केलं. आठवड्याभरात कळलं की याच स्क्वाड्रनमध्ये खानदेशचे आणखी दोघं आहेत. एक ज्युनिअर वॉरंट ऑफिसर फिरके, यावलकडचे, आमच्या सेक्शनचे सुपरवायझर. दुसरा लीडिंग एअरक्राफ्ट्समन मिलिंद अहिरे, धुळे जिल्ह्यातला, साक्रीच्या बाजूचा. तोही इंजिन फिटर. फिरके साहेबांना आम्ही दोघं नाना म्हणायचो. आज तो शब्द तोंडात घ्यायला जड जातो. पण तेव्हा म्हणत होतो, म्हणून इथंही म्हणतो.

हे कशासाठी लिहितो ते आधीच सांगून टाकतो. मिलिंद ड्युटीवर मेला. त्याच्या मरणाचा दोष त्याच्याच माथी मारला गेला. दोष नानांचा होता. मी आठ वर्षं दात धरून बसलो आणि शेवटी तो दोष ज्याचा त्याच्या पदरात घातला. कुणी मला मोठ्या मनाचा समजू नये. मी तसा नाही.

सिव्हिलियन वाचकांना इंजिनांबद्दल थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

नाना भरती झाले ते जुन्या डकोटा विमानांच्या काळात. डकोटाच्या इंजिनात चौदा सिलिंडर, दोन गोल रांगांत बसवलेले, आणि पुढं पंखा. खालून सतत तेल गळायचं. जुने फिटर म्हणायचे, गळतंय म्हणजे आत तेल आहे, बिनघोर राहा. रात्रभर उभं राहिलं की तेल खालच्या सिलिंडरांत उतरायचं, म्हणून सुरू करण्याआधी पंखा हातानं फिरवून घ्यायचा. इंजिन राकट, त्याचे फिटरही राकट. मग जेट आलं. पहिल्या जेटपैकी एक व्हॅम्पायर, त्याच्या इंजिनाला बाहेर पंखा नव्हता. आत एकच जाडजूड चक्र होतं, ते हवा कडेला फेकून दाबायचं. बारीक खडा आत गेला तरी ते चक्र ओरखडा सोसायचं आणि फिरत राहायचं.

त्यानंतर हंटर विमानाचं इंजिन आलं आणि सगळं बदललं. एका जाड चक्राच्या जागी पातळ पात्यांच्या रांगा आल्या, एकीमागं एक. हवा सरळ आत शिरते आणि प्रत्येक रांगेत थोडी थोडी दाबली जाते. जोर कितीतरी वाढला, इंजिन सडपातळ झालं, विमान वेगवान झालं. आणि इंजिन नाजूक झालं. पहिल्या रांगेतलं एक पातं तुटलं की ते दुसरीत घुसतं, दुसरीचे तुकडे तिसरीत, आणि डोळ्याचं पातं लवेपर्यंत आतला कारभार आटोपतो. आमच्या फायटरचं इंजिन याच घराण्यातलं, त्याच्या पुढच्या पिढीतलं होतं.

म्हणून आमच्या ट्रेडच्या रिती कडक झाल्या. प्रत्येक हत्यारावर किटचा नंबर कोरलेला. भिंतीवर टूल बोर्ड, त्यावर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली. काम संपलं की हत्यार आपल्या आकृतीवर टांगायचं. एक जरी आकृती रिकामी दिसली तरी विमान जागेवर थांबणार, मग एअर मार्शलचा फोन येवो. स्वतःचं हत्यार आणायला सक्त बंदी. आणि सगळ्यात कडक रीत इनटेकची. इनटेक म्हणजे विमानाचं नाक, जिथून इंजिन हवा ओढतं. इंजिन जमिनीवरच चालवून बघतात तो ग्राउंड रन. त्याआधी एक फिटर त्यात सरपटत थेट पात्यांपर्यंत जातो आणि टॉर्चनं तपासतो. आत जाण्याआधी खिसे रिकामे करायचे, ते उलटे बाहेर काढून दाखवायचे, बूटसुद्धा काढून ठेवायचे. बाहेर आल्यावर फॉर्म ७०० वर, म्हणजे विमानाच्या कामाच्या नोंदवहीत, सही. त्यानंतर सुपरवायझर स्वतः बघतो आणि खाली दुसरी सही करतो.

नाना ही रीत दुसऱ्यांकडून घोटून घ्यायचे. स्वतः मात्र डकोटाच्या दिवसांत अडकलेले. त्यांच्या छातीच्या खिशात वीतभर लांबीचा एक स्क्रू-ड्रायव्हर असायचा, मुठीला सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलेला. त्यावर नंबर नव्हता. बोर्डावर त्याला जागा नव्हती.

"काय भो," ते म्हणायचे, "मह्या हातानं डकोटा उडाल्या. मले काय बोर्ड शिकवता?"

आम्ही हसायचो. सगळ्या सेक्शनला तो स्क्रू-ड्रायव्हर माहीत होता. मी स्वतः तीनदा तो मागून घेतला होता, कारण अडचणीच्या जागी त्याची मूठ हातात छान बसायची. तक्रार कोण करणार? नाना आपल्याकडचे. सुट्टीवरून येताना केळीचे वेफर्स आणायचे, मेसमध्ये भरीत करायला लावायचे, कुणाचं दुखलं-खुपलं तर विचारायचे. आपलेच दात आणि आपलेच ओठ. ती चूक माझी होती आणि ती मी मानतो.

मिलिंद तेवीस वर्षांचा होता. अंगानं काटक, म्हणून इनटेकमध्ये बहुतेक वेळा तोच जायचा. बोलायला मोकळा. मला भाऊ म्हणायचा. घरी वडील, दामू आबा. आई लहानपणीच गेलेली. सुट्टीत तो गावात पंपाची इंजिनं फुकट दुरुस्त करून द्यायचा आणि परत आल्यावर मला सांगायचा, "भाऊ, फायटरना इंजिनपेक्षा आमना गावना पंप अवघड शे. त्याले मॅन्युअलच नही."

त्या दिवशी सकाळी ०५४० ला आम्ही हँगरबाहेर होतो. इंजिन बदलून झालं होतं, ग्राउंड रन बाकी होता. ०५५० ला टूल चेक झाला. बोर्ड पूर्ण. ०५५५ ला मिलिंदनं खिसे उलटे करून मला दाखवले, बूट काढले आणि आत गेला. सहा मिनिटांनी बाहेर आला.

"इनटेक क्लिअर," तो म्हणाला आणि सही केली.

मी कॉकपिटची शिडी चढलो, कारण रन मी घेणार होतो. वरून मला नाना दिसले. ते कंबरेपर्यंत इनटेकमध्ये वाकले होते. शेजारी वीज पुरवणारं ग्राउंड पॉवर युनिट धडधडत होतं, त्या आवाजात बंदूक उडाली असती तरी कळलं नसतं. नाना मागं सरकले, मला अंगठा दाखवला आणि फॉर्मवर दुसरी सही केली. त्यांचे खिसे कुणी पाहिले नव्हते. सुपरवायझरचे खिसे कोण पाहणार?

०६१२ ला स्टार्ट. मिलिंद हेडसेट लावून इंजिनाच्या बाजूच्या पॅनेलपाशी उभा होता, गळती बघायला.

"ग्राउंड, कॉकपिट. सिक्स्टी परसेंट."

"कॉकपिट, ग्राउंड. नो लीक."

"गोइंग टू एटी."

"रॉजर, भाऊ."

इंटरकॉमवर भाऊ म्हणायची परवानगी नव्हती. तो म्हणायचा. एटीला पोचता पोचता एक धक्का बसला, लगेच दुसरा, आणि पूर्ण विमान हादरलं. मी थ्रॉटल बंद केला, फ्युएल कॉक बंद केला, फायर बटण दाबलं. चार सेकंदांचं काम. "ग्राउंड, कॉकपिट. मिलिंद." उत्तर आलं नाही. इंजिनाचं कवच एका जागी फाटलं होतं आणि पात्याचा तुकडा बाहेर पडला होता. तो मिलिंदच्या गळ्याखाली लागला होता. ०६३१ ला अँब्युलन्समध्ये तो गेला. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. नाना पुढं ड्रायव्हरशेजारी बसले होते. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही.

इंजिन उघडल्यावर आत वीतभर लांबीची एक पोलादी दांडी सापडली, वाकलेली. मूठ जळून गेली होती. त्यावर नंबर नव्हता.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत नाना शांतपणे म्हणाले की अहिरेला गावाकडं पंप दुरुस्त करायची सवय होती, तो स्वतःची हत्यारं बाळगायचा, मी त्याला कितीदा दटावलं होतं. मी सांगितलं, असा स्क्रू-ड्रायव्हर फिरके साहेबांकडं असायचा.

प्रिसायडिंग ऑफिसरनी विचारलं, "त्या सकाळी त्यांच्या खिशात पाहिला?"

"नाही, सर."

"अहिरेच्या खिशात?"

"त्याचे खिसे रिकामे होते, सर. मी पाहिले."

"ओव्हरऑलला खिसे किती असतात, सार्जंट?"

"सहा, सर."

"सहाही पाहिले?"

त्यानं छातीचे दोन आणि बाजूचे दोन दाखवले होते. मांडीवरचे दोन मी पाहिले नव्हते. मी खरं ते सांगितलं. सेक्शनमधले बाकीचे म्हणाले, आम्हाला काही आठवत नाही. निकाल लागला: अहिरेचा निष्काळजीपणा. नानांना देखरेखीतल्या त्रुटीबद्दल तंबी मिळाली, आणि तीन वर्षांनी हारतुऱ्यांसह रिटायरमेंट. कुंपणानंच शेत खाल्लं आणि कुंपणाचा सत्कार झाला. त्या फेअरवेलच्या दिवशी मी ड्युटी मागून घेतली. तिथं गेलो असतो तर हात उचलला असता.

मिलिंदला घेऊन गावी मी गेलो होतो. नंतर निकालाचं पत्र गेलं: अहिरेच्या खिशातला स्वतःचा स्क्रू-ड्रायव्हर इंजिनात पडला. पुढच्या सुट्टीत आबांना भेटायला गेलो तेव्हा त्यांनी ते पत्र माझ्यासमोर ठेवलं.

"तुले काय वाटस, भाऊ? मना पोर्‍यानी चुकी शे का?"

"नाही, आबा."

"मंग कोनी?"

माझ्याकडं पुरावा नव्हता, म्हणून मी गप्प बसलो. आबांनी पत्राची घडी घातली आणि भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीमागं खोचली. गावात लोक म्हणत होते, दामूचा मुलगा स्वतःच्या चुकीनं मेला आणि सरकारचं विमान घेऊन बसला. परतीच्या एस. टी.त मी स्वतःशी ठरवलं की नानांना सोडायचं नाही.

नव्वदच्या दशकात मी रिटायर झालो. धुळ्याच्या एका खाजगी तंत्रशाळेत इंजिनचा इन्स्ट्रक्टर म्हणून लागलो. तिसऱ्या वर्षी शाळेला एअर फोर्सकडून एक बाद झालेलं जेट इंजिन मिळालं, आतल्या पात्यांच्या रांगा दिसाव्यात म्हणून उभं कापलेलं. प्राचार्यांना उद्घाटन करायचं होतं. त्यांनी विचारलं, कुणाला बोलवू या?

मी म्हणालो, "जळगावला फिरके साहेब राहतात. डकोटापासून जेटपर्यंत सगळी इंजिनं त्यांच्या हाताखालून गेलीत. त्यांच्यासारखा पाहुणा मिळायचा नाही."

पत्र मीच लिहिलं. अक्षर एवढं सुंदर मी आयुष्यात काढलं नव्हतं. आठ दिवसांत त्यांचं कार्ड आलं: तुझी आठवण नेहमी येते, झालं-गेलं गंगेला मिळालं, अवश्य येतो. ते कार्ड वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. दुसऱ्या दिवशी मी साक्रीकडं गेलो आणि आबांनाही आमंत्रण दिलं. जेट इंजिन बघायला या, एवढंच सांगितलं.

कार्यक्रम सकाळी ११ चा होता. नाना कोट घालून आले, केस पांढरे, चाल तीच. मला मिठी मारली. मी मारू दिली. आबा पहिल्या रांगेत धोतर-टोपीत बसले होते. नाना त्यांना ओळखत नव्हते, कारण मिलिंदच्या गावी ते कधी गेलेच नव्हते. भाषण चांगलं केलं त्यांनी. डकोटाचं गळणारं तेल, व्हॅम्पायरचं जाड चक्र, हंटरची पाती, सगळं रंगवून सांगितलं. शेवटी म्हणाले, "या इंजिनले शिस्त लागते. चूक केली तं ते माफ करत नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग मी उठलो. इंजिनासमोर एक टेबल मांडलं होतं, त्यावर मोठा ट्रे. मागं भिंतीवर मी टूल बोर्ड रंगवून घेतला होता, आमच्या सेक्शनमध्ये होता तसाच. मी म्हणालो, "आमच्या ट्रेडची रीत आहे. इंजिनाजवळ जाण्याआधी प्रत्येकानं खिसे रिकामे करायचे. आज पाहुण्यांनीही ती पाळावी."

लोक हसले. प्राचार्यांनी किल्ल्या, पेन, रुमाल ट्रेमध्ये ठेवला. आबांनी चंची ठेवली. मग नाना आले. रुमाल, चष्म्याचं घर, डायरी. ते मागं सरकले.

"झालं," ते म्हणाले.

"आतला खिसा, नाना."

कोटाचं कापड छातीशी एका सरळ रेषेत ताणलेलं होतं. मला ते मिठी मारतानाच लागलं होतं. खरं सांगायचं तर त्याच्यासाठीच मी मिठी मारू दिली होती.

"अरे भो, हे इंजिन काय चालू व्हनार आहे?"

"रीत आहे, नाना. तुम्हीच शिकवलीत."

नानांनी हात आत घातला आणि बाहेर काढला. वीतभर लांबीचा स्क्रू-ड्रायव्हर, मुठीला सायकलच्या ट्यूबचं रबर. एक माणूस मारूनही यांनी तसाच दुसरा करून घेतला होता. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, इथं तर दुसरा मेला तरी गेली नव्हती.

"बोर्डावर याची जागा कुठंय ते दाखवा," मी म्हणालो.

त्यांनी बोर्डाकडं पाहिलं. मग माझ्याकडं. चेहरा उतरला होता.

"आणि हे दामू अहिरे," मी म्हणालो. "मिलिंदचे वडील."

आबा उठून टेबलापाशी आले. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतला, उलटा-पालटा करून पाहिला. माणूस अडाणी होता, पण बुद्धू नव्हता. आमची दोघांची तोंडं पाहूनच त्यांना सगळं उमगलं.

"साहेब, मना पोर्‍याना खिसामा व्हतं का हाई?"

नाना खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "नाही. त्याचे खिसे रिकामे व्हते. त्याच्या मागून मी वाकलो व्हतो आत. मह्या खिशातून पडला. मले संध्याकाळी कळलं, खिसा चाचपला तेव्हा."

"मंग सांगं काब्र नही?"

"रिटायरमेंटले तीनच वर्षं व्हती. आन् तो तं..." नाना थांबले. "तो तं गेलाच व्हता."

मला वाटलं होतं की त्या क्षणी मी त्यांची कॉलर धरेन. धरली नाही. पण मला आनंद झाला, तो मी लपवत नाही. भर सभेत, ज्यांनी आत्ताच टाळ्या वाजवल्या त्यांच्यासमोर त्यांची मान खाली गेली होती आणि मी ती बघत उभा होतो. आठ वर्षांत एवढं गार मला कधी वाटलं नव्हतं.

"लिखी द्या," आबा म्हणाले.

प्राचार्यांनी कागद दिला. नानांनी लिहिलं, पूर्ण लिहिलं आणि खाली रँक, सर्व्हिस नंबर, सही. मी कागद घ्यायला हात पुढं केला. आबांनी माझा हात अडवला.

"आन् तुले? तुले हाई माहीत व्हतं का?"

मी टाळू शकलो असतो. "स्क्रू-ड्रायव्हर माहीत होता, आबा. सगळ्यांनाच माहीत होता. मी स्वतः वापरलाय तीनदा. वर कळवायला हवं होतं. कळवलं नाही."

"काब्र?"

"नाना आपल्याकडचे म्हणून."

आबांनी टेबलावरचा दुसरा कागद माझ्यापुढं सरकवला.

"तू बी लिख."

सूड घ्यायला मी निघालो होतो, त्याचा एक वाटा माझ्याही पानात पडला. मी लिहिलं. रँक, सर्व्हिस नंबर, सही. नाना कधी निघून गेले ते मी पाहिलं नाही. पुढं दोन वर्षांनी ते जळगावला वारले. निरोप आला होता. मी खांदा द्यायला गेलो नाही, आणि त्याची मला खंत नाही.

दोन्ही कागदांच्या नकला मी रेकॉर्ड ऑफिसला पाठवल्या. उत्तर आलं की प्रकरण बंद झालेलं आहे. मग आबा म्हणाले, सरकार राहू दे, गावाला वाचून दाखव. एका रविवारी सकाळी नऊला मी त्यांच्या गावी गेलो. विहारापुढच्या पारावर सगळं गाव जमलं होतं. आबांनी स्वतः दारोदार जाऊन सांगितलं होतं. मी आधी नानांचा कागद वाचला, मग माझा. माझाही शेवटपर्यंत वाचला. मागं बसलेल्या एका म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

आबा उठले. लोकांकडं पाहत म्हणाले, "आठ वरीस व्हयनात. मी रडनू नही. रडाले गऊ की तुम्हनं बोलनं कानमा ये, आपलीच चुकीघाई मरना. असा पोर्‍याले बाप कसा रडी? आते रडसू."

ते पारावर बसले आणि रडले. आठ वर्षांचं रडणं होतं, आवरणारं नव्हतं आणि कुणी आवरायलाही गेलं नाही. मी बाजूला सावधानमध्ये उभा राहिलो. लीडिंग एअरक्राफ्ट्समन मिलिंद दामू अहिरे, इंजिन फिटर, वय तेवीस. बापाला रडता आलं त्या रविवारी तो गेला, असं मी धरतो.